वेरुश्काचं देहचित्रण एका ओळीत?

जर्मन मॉडेल वेरुश्कावरच्या लेखात तिची 'ब्लो-अप' सिनेमातली (१९६६) काही मिनिटं आणि फॅशन मासिकं सविस्तर आलीत, कलाकार होल्गर ट्र्युल्श यांच्यासोबतचं देहचित्रण, म्हणजे अंग रंगवून मागच्या भिंतीत मिसळून जाणं, मात्र एका ओळीत उरकलंय. मॉडेल होण्याआधी ती हॅम्बुर्गला कला शिकली होती, हे विसरू नये. अशा चित्रात आधी कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का करतात, मग त्याच कोनातून बघत भिंतीच्या भेगा, गंज, कडा अंगावर पुढे ओढतात. कॅमेरा जरा सरकला की रेषा तुटते. शरीराची गोलाई सावलीमुळे उघडी पडते. म्हणून उजेडाकडची बाजू थोडी गडद, सावलीतली फिकट रंगवायची. रंग वाळला की सांध्यांवर तडकतो, घामाने ओघळतो. रंगकाम तासन्‌तास, फोटोला वेळ थोडाच. निश्चल उभं राहण्याची मॉडेलिंगमधली सवय तिला सिनेमापेक्षा इथेच जास्त उपयोगी पडली असावी.