अ‍ॅनेके यान्स राजकन्या नव्हती आणि मॅनहॅटनची जमीन कोणाला मिळणार नाहीये

ती पोस्ट परत फिरायला लागलीये. दावा असा की न्यू अ‍ॅमस्टरडॅममधली (म्हणजे आजचं न्यूयॉर्क, तेव्हा डच वसाहत) जमीनमालकीण अ‍ॅनेके यान्स ही डच राजपुत्र ऑरेंजच्या विल्यमची नात, तिचा बाप वोल्फर्ट वेबर हा त्याचा लपवून ठेवलेला मुलगा, आजोबांनी सातव्या पिढीसाठी हॉलंडमध्ये पैसा राखून ठेवलाय, आणि मॅनहॅटनमधली तिची 62 एकर जमीन ट्रिनिटी चर्चनं लाटलीये, ती फक्त 99 वर्षांच्या लीजवर होती, कोर्टात केसच नीट झाली नाही, वंशजांनी एकी केली तर अब्जावधी डॉलर मिळतील. खाली शेकडो लोक "आम्हीपण वंशज" लिहितायत म्हणून सविस्तर लिहितोय.

राजघराण्याचं आधी बघू. विल्यमचा खून झाला 1584 ला डेल्फ्टमध्ये, अ‍ॅनेके जन्मली साधारण 1605 ला आणि तीही नॉर्वेत, फ्लेकेरॉय बेटावर. 1623 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला तिच्या लग्नाची नोंद झाली त्यात हे गाव आहे, वय 18 आहे, नवरा रुलोफ यानसेन खलाशी. तेव्हा बहुतेकांना आडनाव नसायचं, बापाचं नाव लागायचं, यान्स म्हणजे यानची मुलगी, मग बाप वोल्फर्ट कुठून आला? आई त्रेन योनास, ती पुढे न्यू अ‍ॅमस्टरडॅममध्ये वसाहत चालवणाऱ्या डच वेस्ट इंडिया कंपनीची सुईण होती. विल्यमची चार लग्नं आणि त्याची मुलंबाळं सगळी नोंदलेली आहेत, त्यात हा वोल्फर्ट नाही. मुलगाच नाही तर नातीसाठी पैसा कोण ठेवणार?

आणि खरी बाई किती दमदार होती ते या गोष्टीत पार हरवून जातं, याचा मला जास्त त्रास होतो. 1630 ला नवऱ्याबरोबर लहान मुली घेऊन समुद्र ओलांडून आली, डच व्यापारी व्हान रेन्सेलारच्या जहागिरीवर, आजच्या ऑल्बनीच्या बाजूला, रुलोफ तिथे पगारावर शेती करायचा. मग ते मॅनहॅटनला आले, 1636 च्या सुमाराला ती 62 एकर मिळाली आणि थोड्याच दिवसांत रुलोफ गेला. दुसरा नवरा पाद्री एव्हरार्डस बोगार्डस, तो 1647 ला हॉलंडला जाताना वेल्सजवळ जहाज फुटून बुडाला. दोनदा विधवा, पदरात दोन्हीकडची पोरं, पण जमीन हातची जाऊ दिली नाही, 1654 ला डच गव्हर्नर स्टायव्हेसंटकडून स्वतःच्या नावावर पक्की करून घेतली.

तिचं 1663 चं मृत्युपत्र वाचा म्हणजे पैशाचा अंदाज येईल. चार-पाच नातवंडांना प्रत्येकी एक चांदीचा पेला, आणि मॅनहॅटनच्या जमिनीतून जो पैसा येईल त्यातून पहिल्या नवऱ्याच्या मुलांना आधी 1000 गिल्डर (डच नाणं), मग बाकीची वाटणी. हॉलंडमधल्या खजिन्याचा एक शब्द नाही.

आता जमीन. यात एक गोष्ट खरी आहे ती मी लपवणार नाही. 1671 ला वारसांनी ही जमीन इंग्रज गव्हर्नर लव्हलेसला विकली तेव्हा मुलगा कॉर्नेलिस आधीच वारला होता आणि त्याच्या वारसाची सही त्या कागदावर नाही. आपल्याकडे गावच्या जमिनीत एका बहिणीची सही राहिली की पुढच्या तीन पिढ्या कोर्टात जातात, अगदी तसंच झालं. पण त्यावरून सगळ्या वंशजांची जमीन लाटली म्हणणं चूक आहे, कारण बाकीच्यांनी रीतसर विकली होती, वाद फारतर कॉर्नेलिसच्या हिश्श्याचा. पुढे जमीन सरकारी झाली आणि 1705 ला अ‍ॅन राणीच्या नावानं ट्रिनिटीला दिली गेली, म्हणजे चर्चनं ती अ‍ॅनेकेच्या घरच्यांकडून हिसकावलेली नाही.

"केसच नीट झाली नाही" हे तर साफ खोटं. अठराव्या शतकाच्या मध्यापासून वारस कोर्टात गेलेत आणि हरलेत. 1847 ला न्यूयॉर्कच्या व्हाइस चान्सलर (तिथल्या एका कोर्टाचा न्यायाधीश) सँडफर्डनं लांबलचक निकाल दिला की चर्चचा ताबा शंभराहून जास्त वर्षं उघड आणि सलग आहे, त्यामुळे जुना हक्क असलाच तरी तो आता संपलाय. त्यानंतरही वारसांचे संघ निघत राहिले, वर्गणी गोळा करत राहिले, पैसे गेले ते साध्या शेतकरी घरांचे. म्हणून आज कोणी वंशज नोंदणीची फी मागितली तर एक पैसा देऊ नका.

आणि त्या पोस्टमधली 99 वर्षांच्या लीजची ओळ अ‍ॅनेकेची नाहीच, ती रॉबर्ट एडवर्ड्स नावाच्या दुसऱ्याच माणसाच्या वारसांची वेगळी दंतकथा आहे, कोणीतरी दोन्ही एकत्र चिकटवलंय.

खरंच वंशावळ शोधायची असेल तर स्वतःपासून मागे जा, एकेक पिढी कागदानिशी. न्यू अ‍ॅमस्टरडॅमच्या डच चर्चच्या बाप्तिस्मा आणि लग्नाच्या नोंदी 1639 पासूनच्या आहेत. बायका लग्नानंतरही बापाचंच नाव लावायच्या, त्यामुळे यान्स नावाच्या बायका ढीगभर सापडतात, नुसतं नाव जुळलं म्हणून जोडू नका, बाप्तिस्म्याला साक्षीदार कोण होते ते बघा, तिथे बऱ्याचदा सख्खे नातेवाईक सापडतात.