कमी उजेडात पाडलेला उजेड

आपण काहीतरी उजेड पाडावा, अशी हुक्की मला दर दोन-तीन वर्षांनी येते. या खेपेला तो एका छोट्या फिशटँकमध्ये पाडायचं ठरलं. टँकचा दिवा मिणमिणता, म्हणून कमी उजेडात जगणारी झाडं आणली: अनुबियास, जावा फर्न आणि क्रिप्टोकोरायन. विकणारा म्हणाला, "ही मरतच नाहीत." निवडुंग मारून दाखवलेल्या माणसापुढे असं बोलू नये.

बाही सारून मी टँकमध्ये हात घातला. पहिल्याच फटक्यात पाणी बाहेर सांडून खोलीची जमीन पुसून निघाली. अनुबियास खडीत खोचलं, बोट काढलं, झाड वर. पुन्हा खोचलं, पुन्हा वर. शेवटी चिडून इतकं खोल गाडलं की नुसती पानं दिसत राहिली. मग हललं नाही बेटं!

दहा-बारा दिवसांनी पानाला सहज हात लावला, तर ते देठासकट हातात आलं. खाली घाणेरडा वास मारणारा लगदा. तेव्हा कुठे शोधाशोध केली (हे आधी करायचं असतं म्हणे). अनुबियास आणि जावा फर्नचं खोड आडवं असतं, आल्याच्या तुकड्यासारखं. ते गाडलं की कुजतं. त्याला दगडावर किंवा लाकडावर दोऱ्याने बांधायचं, मुळं हळूहळू आपली आपण धरतात. ज्याला मी जीव खाऊन जमिनीत कोंबत होतो, त्याला जमीन नकोच होती. अर्धं खोड अजून टणक होतं, तेवढं कापून वाचवलं.

मग बांधाबांध. दगड बुळबुळीत, दोरा ओला आणि मला हात दोनच. पहिली गाठ झकास बसली, फक्त तिच्यात माझी करंगळी होती.

"अहो, दोरा कापू की बोट?" बायकोने कात्री घेऊन येत विचारलं.

क्रिप्टोकोरायन मात्र खडीतच लावायचं असतं, आणि ते मी बरोबर लावलं होतं. तरी आठवड्यात त्याची पानं काचेसारखी होऊन विरघळली. उजेड कमी पडला असणार म्हणून दिवा बारा तास चालू ठेवला. त्याने झाड सुधारलं नाही, शेवाळ मात्र असं माजलं की आत मासे आहेत की नाहीत हे कळेना. निमूटपणे दिवा सात तासांवर आणला. झाड उपटून फेकणार, तेवढ्यात मुळं पांढरीशुभ्र दिसली. जागा बदलली की हे रुसतं, होती नव्हती ती पानं टाकतं आणि सवडीने नवी काढतं. उपटलेलं परत खोचलं, म्हणजे पुन्हा जागा बदलली.

महिन्याभराने अनुबियासला एक नवं पान आलं. ते महिन्याला जेमतेम एखादंच काढतं, पण मी घरादाराला बोलावून दाखवलं. दाखवता दाखवता जावा फर्नच्या पानांमागे तपकिरी ठिपके दिसले. रोग! मी कात्री उचलली.

"नेचा आहे तो. नेच्याच्या पानामागे असे ठिपके असतातच," असं म्हणत बायकोने ती काढून घेतली. हल्ली कात्री कपाटाच्या वरच्या कप्प्यात असते. किल्ली कुठे असते, ते मला सांगितलेलं नाही.