पाळण्यातले पाय आणि साठीची बुद्धी

आपल्याकडे दोन म्हणी आहेत, बाळाचे पाय पाळण्यात दिसतात आणि साठी बुद्धी नाठी, आणि या दोन्हींनी आपल्या घराघरात माणसांचं नुकसान केलंय असं माझं ठाम मत आहे. एक म्हण सांगते सगळं सुरुवातीलाच ठरलं, दुसरी सांगते शेवटी सगळं संपलं, आणि मधली साठ वर्षं माणूस जणू काही तसाच्या तसा राहतो! असं नसतं हो. मन पोटात असल्यापासून घडत असतं आणि ऐंशीतही घडत असतं, फक्त घडण्याची तऱ्हा बदलते.

सुरुवात पोटापासूनच करते, कारण हल्ली तिथेच पैसे उकळणं सुरू होतं. नात्यातल्या एका मुलीच्या डोहाळजेवणाला गेले होते, तिथे ओटी भरायच्या आधी गर्भसंस्काराच्या पॅकेजची चर्चा. अमुक मंत्र, अमुक म्युझिक, पोटाला हेडफोन, बाळ म्हणे हुशार जन्मतं. आता यातलं खरं किती ते बघा. बाळ साधारण सहाव्या महिन्यानंतर ऐकायला लागतं हे खरं आहे. 1980 साली अमेरिकेत डीकॅस्पर आणि फायफर या दोघांनी दोन-तीन दिवसांच्या बाळांच्या तोंडात चोखणी देऊन एक प्रयोग केला, एका लयीत चोखलं की आईचा आवाज ऐकू येणार, दुसऱ्या लयीत चोखलं की परक्या बाईचा. बाळांनी चोखायची लय बदलली, आईचा आवाज लागावा म्हणून. दोन दिवसांचं बाळ! मग 2009 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी नवजात बाळांचं रडणं रेकॉर्ड केलं तर फ्रेंच बाळांच्या रडण्याचा सूर वर चढत जाणारा आणि जर्मन बाळांचा खाली उतरणारा, त्या त्या भाषेच्या चालीसारखा.

मला हे वाचून अंगावर काटा आला होता. पण यातून बुद्ध्यांक वाढतो असं कुठेही निघत नाही. निघतं ते इतकंच की बाळाला आईचं रोजचं बोलणं ओळखीचं होतं, भाजीवाल्याशी घासाघीस, बहिणीशी फोनवरच्या गप्पा, सगळं. त्याला हेडफोन लागत नाही. आणि ज्याचा खरंच परिणाम होतो, म्हणजे आईवर महिनोन्‌महिने असलेला ताण, तिचं डिप्रेशन, त्याबद्दल पॅकेजवाले काही बोलत नाहीत. तिला झोप मिळतेय का, ऑफिसमधून आल्यावर स्वयंपाक तिनेच करायचाय का, मुलगाच हवा असं कोणी कानाशी भुणभुणतंय का, हे आधी बघा ना.

मग बाळ होतं आणि पहिला सल्ला सुरू, सारखं उचलू नकोस, सवय लागेल. अहो लागू दे की! आठ-नऊ महिन्यांचं बाळ आई बाथरूमला गेली तरी आकांत करतं कारण आई दिसत नाही पण आहे कुठेतरी हे त्याला आता कळायला लागलंय, ही प्रगती आहे, हट्ट नाही. मेरी एन्सवर्थ या बाईंनी आधी युगांडात आणि मग बाल्टिमोरमध्ये घरोघरी बसून आई आणि बाळांचं निरीक्षण केलं होतं, आणि त्यांना दिसलं की ज्यांच्या रडण्याला सुरुवातीला पटकन ओ मिळाली ती बाळं वर्षाच्या शेवटी कमीच रडत होती.

ओ मिळालीच नाही तर काय होतं तेही जगाने बघितलंय. रोमानियात 1989 ला हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट पडली तेव्हा सरकारी अनाथालयांत लाखावर मुलं सापडली. खायला-प्यायला कसंबसं मिळत होतं पण कडेवर घेणारं कोणी नाही. बुखारेस्टमध्ये पुढे 136 मुलांवर अभ्यास झाला, अर्ध्या मुलांना पालक-कुटुंबांत पाठवलं, आणि जी दोन वर्षांची व्हायच्या आत घरात गेली त्यांनी माणसांना जास्त चांगला जीव लावला. म्हणजे पहिली वर्षं महत्त्वाची आहेतच, मी नाही म्हणत नाहीये. पण त्याच मुलांनी हेही दाखवलं की पाळण्यात जे दिसलं ते बदलता येतं, माणूस मिळालं तर. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला आणि मग कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये हेच तर करत होत्या. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळा त्यांच्या अंगणात नेली. या मुलांच्या डोक्यात काही शिरणार नाही म्हणणाऱ्यांना त्यांनी कामाने उत्तर दिलं.

टीनएजर मुलांबद्दल थोडक्यात लिहिते कारण तो वेगळ्याच पोस्टचा विषय आहे. 2005 साली स्टाइनबर्ग आणि गार्डनर यांनी गाडी चालवायच्या व्हिडिओ गेमवर प्रयोग केला. मोठ्या माणसांचं खेळणं मित्र बघत असले तरी फारसं बदललं नाही, पण किशोरवयीन मुलांनी मित्र समोर असताना कितीतरी जास्त धोका पत्करला. ट्रिपल सीट सुसाट जाणारा पोरगा एकटा असताना हेल्मेट घालून नीट जातो, तो हाच. आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत असतो, आणि आपण पंधराव्या वर्षी दहावीच्या मार्कांवरून त्याचं आयुष्य ठरवून मोकळे होतो.

आता म्हातारपण. याच्यासाठीच खरं तर लिहायला बसले.

अमेरिकेत सिएटलमध्ये मानसशास्त्रज्ञ वॉर्नर शाय यांनी 1956 साली एक अभ्यास सुरू केला, दर सात वर्षांनी त्याच माणसांच्या बुद्धीची पुन्हा चाचणी. विचाराचा वेग लवकर कमी होतो हे खरं, पण शब्दसंपत्ती, तर्क, समजूत या गोष्टी बहुतेकांच्या साठीपर्यंत टिकून होत्या, काही तर चाळिशी-पन्नाशीत तरुणपणापेक्षा वर! आणि 1986 ला शाय आणि विलिस यांनी म्हाताऱ्या माणसांना फक्त पाच तास ट्रेनिंग दिलं, तर ज्यांची घसरण झाली होती त्यातले जवळजवळ 40 टक्के चौदा वर्षांपूर्वीच्या पातळीला परत पोचले. पाच तासांत!

माझी आई सत्तरी ओलांडलेली. भजनी मंडळात पेटी वाजवणाऱ्या काकू मुलीकडे राहायला गेल्या आणि आईने पेटी हातात घेतली. संधिवाताने बोटं वाकलीत. तिने काय केलं, तीनच अभंग निवडले, पट्टी एकच ठेवली काळी चार, आणि तेच रोज दुपारी घोटते. अंतऱ्यात जलद जागा आली की नुसता सा धरून ठेवते, बायका गाऊन नेतात, सम आली की ही परत हजर. पॉल बाल्टेस नावाचे मानसशास्त्रज्ञ म्हातारपणाबद्दल सांगताना पियानोवादक आर्थर रुबिन्स्टाइनचं उदाहरण द्यायचे, की ऐंशीच्या घरात तो कमी रचना वाजवायचा, त्यांचाच जास्त रियाज करायचा, आणि जलद भागाच्या आधी मुद्दाम लय कमी करायचा म्हणजे पुढचं जलद वाटावं. आईने हे नाव ऐकलेलंही नाही. तिची ती शोधून काढली युक्ती. याला बुद्धी नाठी म्हणायचं?

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात 2016 च्या महिला दिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली, जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने. साठी ते नव्वदीतल्या आज्या, गुलाबी नऊवारी, हातात पाटी. फोटो सगळ्यांनी कौतुकाने शेअर केले, किती गोड किती गोड. गोड काय त्यात? पोथी आपली आपण वाचता यावी ही गंभीर इच्छा आहे. एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने माणसाच्या मनाच्या वाढीचे आठ टप्पे सांगितले होते, आणि तो गेल्यावर त्याच्या बायकोने, जोनने, नव्वदी पार केल्यावर नववा टप्पा लिहून काढला, कारण ती स्वतः तिथे पोचली होती आणि तिला दिसलं की आठात सगळं आलेलं नाही.

आमच्या भागातल्या विरंगुळा केंद्रात कॅरम आहे, पेपर आहेत, महिन्यातून एकदा बीपी-शुगर तपासतात. शिकायला काहीही नाही. मी कमिटीला पत्र दिलंय की संध्याकाळी पाच ते सहा हॉल क्लाससाठी द्या, पेटी, मोबाइल, मोडी लिपी, जे शिकवणारं मिळेल ते. हॉल द्यायला ते तयार आहेत, शिकवणारे आपण शोधायचे. तर जवळपास राहणारं कोणी असेल तर कमेंटमध्ये सांगा, आणि मोडी येणारं कोणी असेल तर आधी सांगा, तीन आजोबा आत्ताच नावं देऊन बसलेत.