वाटेचा ओढा झालाय

रविवारी खांडसवरून गणेश घाटाने भीमाशंकरला गेलो. वरच्या जंगलात शिरलो तर चिखल घोट्याच्या वर. पुढची सगळी मंडळी बूट वाचवत कडेच्या कारवीतून चाललेली. एका माणसापुरती असलेली वाट तिथे आता बैलगाडी जाईल एवढी रुंद झालीय.

राग येईल काहींना, पण ही वाट आपणच फोडतोय. कारवी तुडवली की माती उघडी, माती उघडी की पुढच्या सरीत तिथेही चिखल. मधूनच चाला की! बूट धुता येतात.

मूळ दुखणं मात्र पाण्याचं. पायांनी दबून वाट पन्हळीसारखी झाली की डोंगरावरचं पाणी तीच धरतं आणि सोडायचं नाव घेत नाही. जुन्या घाटवाटा नागमोडी आहेत त्या उगाच नाहीत. वाटेचा चढ डोंगरउताराच्या निम्म्याच्या आत ठेवला तर पाणी आडवं ओलांडून खाली निघून जातं. आपण वळणं तोडून सरळसोट शॉर्टकट पाडतो, त्याचा दोन पावसाळ्यांत ओढा होतो.

भीमाशंकर १९८५ पासून अभयारण्य आहे, तिथे परस्पर कुदळ मारायची नाही. वनखात्याला विचारून मे महिन्यात आम्ही आठ जण खालच्या टप्प्यात वाटेवरचं पाणी बाजूला काढणारे सहा आडवे चर काढायला गेलो. पहिला वाटेला अगदी काटकोनात खणला. गावातले एक काका बांधावर बसून बघत होते. म्हणाले, "असा काढलात तर पानी थांबंल, गाळ टाकंल, चर बुजंल. तिरका घ्या. पानी कुठं जाऊ म्हनतंय ते बघा आधी." भातखाचरांत जन्म गेलेला माणूस! मग तीस-चाळीस अंशांत तिरके घेतले, खालच्या अंगाला दगड दोन तृतीयांश जमिनीत गाडून बसवले आणि पाणी बाहेर पडायचं तोंड वाटेपासून चांगलं हातभर लांब नेलं. तोंडच बुजलं तर बाकीची मेहनत पाण्यात. शब्दशः.

सिमेंटच्या पायऱ्या बांधा म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: शेवाळ धरलं की माणसं पायऱ्या सोडून कडेनेच चढतात. पाणीही तिथूनच वाहतं. वर्षभरात पायऱ्या अधांतरी.

रविवारी सहापैकी चार चर छान वाहत होते. दोन पानांनी तुंबलेले. एक टाचेनेच मोकळा केला, दुसऱ्याला फावडं लागेल. शनिवारी जातोय. फावडी दोन आहेत, घमेलं एकच. कुणाकडे आणखी एक असेल तर कळवा.