‘मुलांच्या किडनीत सुई घालू देऊ नका’ : त्या फॉरवर्डला उत्तर

परवा रात्री साडेअकराला भावजयीचा फोन. भाचीची किडनी बायोप्सी, म्हणजे सुईने किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणं, गुरुवारी ठरलेली, आणि ही म्हणते, "ताई, पुढे ढकलू या का? तो मेसेज वाचलात ना?" वाचला होता. आठवडाभर सगळ्या ग्रुपवर तोच फिरतोय. पाच दावे, खाली जोडलेले हात, आणि लिहिणाऱ्याचा पत्ता नाही.

‘सुईने किडनीला कायमचं भोक पडतं, ती निकामी होते.’ एका किडनीत रक्त गाळणाऱ्या बारीक गाळण्या सरासरी दहा लाखांच्या आसपास असतात. सुईत येतो तो दोऱ्यासारखा तुकडा, सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचा, त्यात गाळण्या दहा-वीस. दोन तुकडे घेतले तरी लाखात दोन ते चार. म्हणे भोक! बारीकसा व्रण राहतो, बस.

रक्तस्राव होऊ शकतो, हे मात्र खरं. पण किती? २०१९ साली अमेरिकन सोसायटी ऑफ नेफ्रॉलॉजीच्या क्लिनिकल जर्नलमध्ये लहान मुलांच्या ५५०४ बायोप्सींचा एकत्रित आढावा आला. किडनीभोवती रक्त साकळलं ११ टक्क्यांत, लघवी लाल दिसली ३.५ टक्क्यांत, रक्त द्यावं लागलं ०.९ टक्क्यांत. साकळलेलं रक्त बहुतेकदा सोनोग्राफीतच दिसतं, मुलाला कळतही नाही. माझ्या लेकाच्या वेळी सिस्टर दर वेळची लघवी बाटलीत घेऊन खिडकीत ओळीने ठेवत होत्या. पहिली गुलाबीसर, तिसरी फिकट, पाचवी नेहमीसारखी. त्या पाचवीपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता, ते कबूल.

आता ज्या वाक्याने डोकं फिरलं ते : ‘रक्त-लघवीत सगळं कळतं, आधी सहा महिने थांबून बघा.’ प्रोटीन जातंय एवढं लघवी सांगते. का जातंय, ते नाही सांगत. मिनिमल चेंज आणि एफएसजीएस हे गाळण्यांचे दोन आजार, दोन्हींत मूल तसंच सुजतं, पुढची वाट मात्र वेगळी. ल्युपसमध्ये (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) किडनीच्या आजाराचे सहा वर्ग आहेत, औषधं किती जोराची द्यायची ते बरंचसं त्यावर ठरतं, आणि वर्ग कळतो तो सूक्ष्मदर्शकाखाली. क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा, रक्तातला टाकाऊ पदार्थ) भराभर चढत असेल तर गाळण्यांत चंद्रकोरीसारख्या पेशींच्या राशी साचत असतील. तिथे हिशेब दिवसांचा असतो. सहा महिन्यांत त्यांचे व्रण होऊन बसतात, आणि व्रणावर औषध नाही. असं वाक्य लिहून वर हात जोडायचे!

बायोप्सीही चुकते, हं. एफएसजीएसमध्ये सुरुवातीला काहीच गाळण्या बिघडलेल्या असतात, त्या छोट्या तुकड्यातून निसटू शकतात. हा खरा आक्षेप मेसेजवाल्याला सुचलाच नाही.

‘सुजलेल्या प्रत्येक मुलाची बायोप्सी करतात, पैशांसाठी.’ साफ उलटं. नेफ्रॉटिक सिंड्रोम, म्हणजे लघवीतून प्रोटीन जाऊन अंग सुजणं, तो सहसा होतो त्या वयात पहिल्यांदा झाला आणि बाकी काही वावगं नसेल, तर बायोप्सी न करताच स्टिरॉइड देतात, आणि बहुतेक मुलांचं प्रोटीन जाणं त्यानेच थांबतं. भाचीचे स्टिरॉइडचे सहा आठवडे पुरे झाले, प्रोटीन थांबलं नाही, म्हणून ही तारीख.

‘कॅन्सर पसरतो.’ यात चिमूटभर तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करते. किडनीत विल्म्स ट्यूमरची, म्हणजे लहान मुलांतल्या किडनीच्या कॅन्सरची, गाठ असेल आणि शस्त्रक्रियेआधी सुई टोचली, तर अमेरिकेतल्या पद्धतीत त्या मुलाची स्टेज तिसरी धरतात, म्हणून तिथे ते टाळतात. पण भाचीला गाठ कुठे आहे?

पाचवा मुद्दा भुलेचा : ‘मूल उठतच नाही.’ नाडी, श्वास, ऑक्सिजनवर सतत नजर असते. यावर अजून शब्द खर्च करत नाही.

भावजयीला एवढंच विचारलं : बीपी आटोक्यात आहे ना? प्लेटलेट आणि रक्त गोठण्याची तपासणी झाली ना? दोन्ही झालंय. मग म्हटलं, दोन दिवस तिला पोटाखाली उशी घेऊन पालथं पडायची सवय कर. आणि तुकडा घेताना सुई सुटते तेव्हाचा ‘टक्’ आवाज आधी तिला ऐकवा, असं डॉक्टरांना सांग. माझा लेक गुंगीत असूनही सुईला नाही, त्या आवाजाला दचकला होता.