हिमोफिलियात व्यायाम बंद? त्या मेसेजबद्दल खुलासा

सध्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार) असलेल्यांनी व्यायाम केला की सांध्यात रक्तस्राव होतो म्हणून मुलांना जागचं हलू देऊ नका, आणि दुखलंच तर मालिश करून कॉम्बिफ्लॅम द्या. हे चुकीचं आहे, शेवटचं तर धोक्याचं आहे.

मांडीचे स्नायू कमजोर पडले की सगळा भार गुडघ्यावर येतो आणि तोच गुडघा परत परत सुजतो, म्हणून तर वर्ल्ड फेडरेशन ऑफ हिमोफिलियाच्या २०२० च्या गाइडलाइन्समध्ये व्यायाम करा असंच सांगितलंय. सुरुवात अगदी साधी, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती खाली दाबायची, पाच सेकंद धरून सोडायची. मग रबर बँड, हलकी वजनं, पण फिजिओला विचारून आणि फॅक्टर (रक्त गोठवणारं प्रथिन, शिरेतून देतात) कधी घ्यायचा ते डॉक्टरांशी ठरवून. कुस्ती, बॉक्सिंग मात्र नको.

सांधा गरम लागतोय, आत मुंग्या येतायत, म्हणजे आत रक्तस्राव सुरू झालेला असू शकतो, तर व्यायाम थांबवा, मालिश अजिबात नको. आधी फॅक्टर किंवा डॉक्टरांनी ठरवून दिलेलं औषध, मग आराम, कापडात गुंडाळलेला बर्फ. कॉम्बिफ्लॅममध्ये आयब्युप्रोफेन असतं, ते आणि ॲस्पिरिन प्लेटलेट्सचं (रक्त थांबवायला मदत करणाऱ्या पेशींचं) काम बिघडवतात, म्हणजे आधीच न थांबणारं रक्त अजून वाहतं. पॅरासिटामॉल चालतं, तेही सांगितलेल्या डोसमध्येच. आणि दुखण्याचं इंजेक्शन कमरेवर घेऊ नका, स्नायूत रक्त साचतं.

प्लीज तो मेसेज पुढे पाठवू नका, आणि ज्यांना पाठवलाय त्यांना हे नक्की कळवा.