समन्स एडिसनला, माणूस कोथरूडला

अमेरिकेत खटल्याचा निकाल ठरवायला कोर्ट सामान्य नागरिकांना बोलावतं, ती ज्युरी ड्युटी. तिचं समन्स अमेरिकेतल्या, समजा न्यू जर्सीतल्या एडिसनच्या, पत्त्यावर येतं आणि ज्याच्या नावाने आलंय तो असतो भारतात. घरच्या ग्रुपवर लिफाफ्याचा फोटो पडतो, की सल्ले सुरू. एक म्हणतो फाडून टाक, दुसरा म्हणतो विमानतळावर धरतील. दोन्हीकडे लक्ष देऊ नका. उत्तर द्यायचंच असतं, आणि ते बहुतेक वेळा घरबसल्या देता येतं. गोची असते ती कारण काय लिहायचं याची. तुम्ही कोर्टाला सही करून देता ते निवेदन असतं. तेच तुम्ही इमिग्रेशनला आणि मतदार नोंदणीत सांगितलंय ना, हे आधी बघा.

आधी नागरिकत्व. नावं फक्त मतदार यादीतून उचलत नाहीत. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात ड्रायव्हिंग लायसन्सवाल्यांच्या आणि राज्याचा आयकर भरणाऱ्यांच्या याद्याही वापरतात. त्यामुळे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावाल्यांना, ग्रीन कार्डवाल्या (कायम राहण्याचा परवाना असलेल्या, पण नागरिक नसलेल्या) आई-बाबांनाही समन्स येतं. त्यात तुमचा काही गुन्हा नाही. 'नागरिक नाही' ही खूण करायची, सही करायची, विषय संपला. पण सहा महिने सांगलीला असलेल्या बाबांचा फॉर्म मुलगा अमेरिकेत भराभर भरतो आणि 'अमेरिकी नागरिक आहात का' या पहिल्याच प्रश्नाला 'हो' टिचकवून मोकळा होतो. हे भयंकर आहे. नागरिक असल्याचा खोटा दावा अमेरिकी इमिग्रेशन कायद्यात जवळपास माफ न होणारा प्रकार आहे, आणि पुढे नागरिकत्वाच्या अर्जात त्याबद्दल थेट विचारतात. फेडरल, म्हणजे केंद्रीय, कोर्टाचा फॉर्म दुसऱ्याने भरला तर चालतो, मात्र कोणी भरला आणि का, हे त्यावर लिहावं लागतं.

ग्रीन कार्डवाल्यांनी आणखी एक पथ्य पाळावं. 'आता कायमचे भारतात राहतो' असं उगाच लिहू नये. वगळण्यासाठी नागरिक नसणं एवढं एकच कारण पुरतं. कायमचे गेलो हे स्वतःच्या सहीने लिहून दिलंत, तर उद्या ग्रीन कार्ड सोडल्याचा पुरावा म्हणून तोच कागद पुढे येऊ शकतो. शिवाय लायसन्स काढताना नकळत मतदार म्हणून नाव लागलंय का, तेही तपासा. टेक्ससमध्ये नागरिक नाही म्हणून वगळलेल्यांची यादी मतदार नोंदणीकडे जाते.

आता अमेरिकी पासपोर्ट आणि ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारतात राहू देणारं कार्ड) घेऊन पुण्यात राहणारे. फेडरल कोर्टाला ज्युरर, म्हणजे ज्युरीत बसणारा, त्या डिस्ट्रिक्टमध्ये वर्षभर राहिलेला लागतो. कॅलिफोर्नियाचं राज्य कोर्ट बघतं ते तुमचं कायमचं घर कुठे आहे, म्हणजे परतायचा इरादा आहे का. बिऱ्हाड मोडून आलात तर 'इथे राहत नाही' हे खरं कारण. सोबत निघाल्याची तारीख आणि सध्याचा पत्ता द्या. पण दोन वर्षांच्या प्रोजेक्टवर आलात, घर भाड्याने दिलंय, परत जायचंय, तर तुम्ही अजून तिथलेच. मग तारीख पुढे ढकलून मागायची किंवा अडचण सांगून सूट मागायची. परदेशातून मतदानाच्या फॉर्मवर 'परत जायचा इरादा आहे' आणि 'परतणं अनिश्चित' असे वेगळे पर्याय असतात. तिथे पहिल्यावर खूण आणि कोर्टाला 'कायमचा गेलो', हे जुळत नाही. ज्युरी टाळायला मतदार यादीतून नाव काढणं तर मला शुद्ध वेडेपणा वाटतो. मत देण्याचा हक्क असा फुकट घालवू नये.

प्रत्यक्ष काम तसं किरकोळ. समन्सच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागवा. ज्युरर नंबर आणि उत्तराची मुदत त्यावरच असते. काही कोर्टांच्या साइट भारतातून उघडत नाहीत, टोल-फ्री नंबर तर बहुधा लागतच नाही. ज्युरी ऑफिसचा एरिया कोडवाला साधा नंबर शोधा. न्यू जर्सीत सकाळी ९ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे ६:३०, हिवाळ्यात ७:३०. पुरावा म्हणून कंपनीचं पत्र, भाडेकरार, वीजबिल चालेल, पण महावितरणचं मराठी बिल तिथल्या क्लार्कला काय कळणार? इंग्रजी प्रत काढा, खाते क्रमांक झाका. उत्तर पाठवल्याची पोच जपून ठेवा. पत्ता बदलला नाही तर समन्स पुन्हा येतं. आणि कोर्टाकडून उत्तर येईपर्यंत विमानाचं तिकीट काढू नका.

मुदत उलटून गेली असेल तरी लिहा, समन्स उशिरा हाती आल्याचं सांगा. फेडरल कोर्टात सबळ कारण न देता गैरहजर राहिल्यास १,००० डॉलरपर्यंत दंड, ३ दिवसांपर्यंत कैद किंवा समाजसेवा, आणि सुटण्यासाठी जाणूनबुजून खोटं लिहिलं तरी तीच शिक्षा. कॅलिफोर्नियात पहिल्या चुकीला २५० डॉलरपर्यंत. मात्र 'तुमच्या नावाने वॉरंट निघालंय, आत्ता गिफ्ट कार्डने दंड भरा' असा फोन आला, तर तो चोराचा. कोर्ट फोनवर पैसे मागत नाही, सोशल सिक्युरिटी नंबरही नाही. तिकडे एकट्या राहणाऱ्या आई-बाबांना हे आजच सांगून ठेवा.